कडीच्या डब्यातले पत्र

मी एक जुना स्टीलचा डबा आहे. कडीचा, किलोभर लाडू मावतील एवढा. माझ्या झाकणाला एक पोचा आहे आणि माझ्या पोटात गेली चाळीस वर्षे एक पत्र आहे. पत्र हेल्गाबाईंचे. शेवटी लिहिले आहे, ‘मला फक्त एक ओळ लिही.’ ती ओळ इतकी वर्षे कोणी लिहिली नाही.

मित्रांनो, डब्याने स्वतःविषयी किती बोलावे हे मला कळत नाही. माझ्याहून कामाचे डबे पुष्कळ आहेत. पण आज सकाळी मला एका खोक्यात घालून वरून चिकटपट्टी लावली आहे. पुन्हा बोलायला मिळेल असे वाटत नाही, म्हणून जमेल तसे सांगतो.

इचलकरंजीच्या एका भांड्यांच्या दुकानात सुमित्राबाईंनी मला विकत घेतले. दुकानदाराने माझ्या कडेवर बारीक ठिपक्यांनी नाव टोचले, ‘सौ. सुमित्रा’. दिवाळीत मी फराळ घेऊन शेजारी जाई आणि शेजारणी मला भरून परत पाठवत. डबा रिकामा परत करायचा नाही, हा सगळ्या आळीचा नियम होता. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. माझ्या आयुष्यात मी शिकलो ते एवढेच.

१९८४ साली सुमित्राबाईंचा मुलगा प्रल्हाद कापडाच्या शास्त्रात पुढचे शिक्षण घ्यायला अमेरिकेत निघाला. विद्यापीठाने त्याची राहायची सोय एका जर्मन कुटुंबाकडे केली होती. ते नवरा-बायको बऱ्याच वर्षांपूर्वी जर्मनीहून येऊन विद्यापीठाजवळच्या कॅरी गावी स्थायिक झाले होते. सुमित्राबाईंनी माझ्यात मेथीचे लाडू आणि कडबोळी भरली आणि मुलाला सांगितले, “लोकांच्या घरी राहायचंय. वाढलं की लगेच घेऊ नकोस. दोनदा नको म्हण, मग घे. हावरट दिसायला नको.”

प्रल्हाद आज्ञाधारक होता. तेच नडले.

कॅरी तेव्हा लहानसे गाव होते. हेल्गाबाई उंच, गोऱ्या, मोठ्या हातांच्या. त्यांचे यजमान डीटर कमी बोलत. पहिल्या संध्याकाळी टेबलावर पाव, चीज, काकडी आणि बटाट्याचे सॅलड होते. प्रल्हाद मांस खात नाही हे विचारून, त्याच्यासाठी म्हणून केलेले. दोन दिवसांच्या प्रवासाने त्याला कडकडून भूक लागली होती. हेल्गाबाईंनी सॅलडचे भांडे पुढे केले. तो म्हणाला, “नको, थँक यू.” बाईंनी मान हलवली आणि भांडे डीटरकडे सरकवले.

प्रल्हाद वाट पाहत बसला. भांडे परत आले नाही.

मला हे नंतर कळले. प्रल्हाद जेवून वर आला, त्याने दार लावून घेतले आणि माझे झाकण उघडून चार लाडू उभ्याने खाल्ले. मला वाटले, उद्या ठीक होईल. दुसऱ्या दिवशीही तेच झाले आणि तिसऱ्याही. त्या घरात नको म्हणजे नको होते. माणसाने एकदा नको म्हटल्यावर पुन्हा विचारणे म्हणजे त्याच्या शब्दावर विश्वास नसणे, असे ते लोक मानत. त्या बाई प्रल्हादचा मान राखत होत्या आणि प्रल्हाद आईचा शब्द राखत होता. मधल्या मध्ये मी रिकामा होत गेलो.

तीन आठवड्यांत मी संपलो. मग तो एक पाव आणि कॉफीवर राहू लागला. पॅन्ट कमरेला पिना लावून घाली. हो म्हणावे असे त्याला रोज वाटे. पण महिनाभर नको म्हटल्यावर आता एकदम हो कसे म्हणायचे, याचीच त्याला लाज वाटे. मी कपाटात कपड्यांखाली दडलेलो होतो. मी काय सांगणार?

डिसेंबरात हेल्गाबाई धुतलेल्या चादरी ठेवायला आल्या आणि त्यांनी मला पाहिले. झाकण उघडले. आत मेथीचा वास आणि थोडा चुरा होता. त्या पलंगाच्या कडेला बसल्या. माझ्यावरच्या ठिपक्यांवरून त्यांनी बोट फिरवले. त्यांना ती नक्षी वाटली असावी. मग त्यांनी मला खाली नेले, गरम पाण्याने धुतले आणि दोन दिवसांनी चंद्रकोरीच्या आकाराची, पिठीसाखरेत घोळलेली बिस्किटे भरून जागच्या जागी ठेवले. त्यांना आमचा नियम माहीत नव्हता, तरी त्यांनी तो पाळला. त्या दिवसाइतका मी कधी सुखी नव्हतो.

प्रल्हादने झाकण उघडले, वास घेतला आणि झाकण लावले. त्याला वाटले, यात अंडे असणार. विचारावे कसे? विचारले आणि असले, तर हेल्गाबाईंना वाईट वाटेल. बिस्किटे तशीच राहिली, नरम पडली, त्यांना बुरशी आली. शेवटी त्याने ती कागदात गुंडाळून गॅरेजमागच्या कचऱ्याच्या पिंपात टाकली. त्या घरात कचरा वेगवेगळा करायची पद्धत होती. कागद वेगळा काढायला हेल्गाबाईंनी पुडके उघडले.

जानेवारीत प्रल्हाद तीन मराठी मुलांबरोबर भाड्याच्या खोलीत राहायला गेला. आठवड्याने पत्र आले. ते माझ्या पोटात राहिल्यामुळे मला पाठ आहे. ‘तू खोली इतकी स्वच्छ करून गेलास की इथे कोणी राहिले होते असे वाटत नाही. डीटर म्हणतो, विचारू नकोस. पण मला झोप लागत नाही. माझे जेवण वाईट होते का? बिस्किटांत मी अंडे घातले नव्हते. विद्यापीठात फोन करून विचारून घेतले होते. मला फक्त एक ओळ लिही.’

प्रल्हादने उत्तर लिहायला घेतले. इंग्रजी बरोबर वाटेना म्हणून फाडले. पुन्हा लिहिले, ते फार लांब झाले. वर्ष गेले. मग उशीर का झाला हेही लिहायला हवे होते, आणि ते लिहिणे तर त्याहून अवघड. दहा वर्षांनी त्यांनी लिहायचे सोडले. मला मात्र टाकले नाही. नोकरी, लग्न, घरे बदलली, मी प्रत्येक घराच्या वरच्या फळीवर होतो. पुढे पत्नी गेल्यावर ते मुलाकडे, सिद्धेशकडे मॉरिसव्हिलला राहायला आले. हेल्गाबाईंची ती गल्ली तिथून पंधरा मिनिटांवर. प्रल्हाद तो रस्ता टाळून लांबून गाडी नेत. बाबांना डावीकडे वळायची भीती वाटते, अशी सिद्धेश चेष्टा करी.

या उन्हाळ्यात त्यांची नात सावनी एका वर्षासाठी जर्मनीला जाणार आहे, तिथल्या एका कुटुंबाकडे राहायला. त्या लोकांनी खाण्यापिण्याचा फॉर्म पाठवला होता. त्यात तिने मोठ्या अक्षरांत लिहिले की मी खूप खाते. त्यांना भेट न्यायला डबा हवा म्हणून तिने मला खाली काढले आणि पत्र वाचले.

“आजोबा, रिप्लाय केला होतात?”

“नाही.”

“वन लाइन मागितली होती तिने. जस्ट वन लाइन.”

प्रल्हाद चष्मा पुसत राहिले.

सावनीने दोन दिवसांत हेल्गाबाईंची मुलगी मोनिका शोधून काढली आणि ईमेल केला. उत्तर आले. डीटर केव्हाच गेले होते. बाई ब्याण्णव वर्षांच्या, दुसऱ्या राज्यातल्या हर्नडनच्या एका वृद्धाश्रमात. माणसे ओळखत नाहीत. दोन आठवडे झाले, ताट पुढे केले की नको म्हणतात. तिथले लोक सभ्य आहेत, बळजबरी करत नाहीत, ताट उचलून नेतात. डॉक्टरांनी आशा सोडली आहे. काही पाठवायचे तर लवकर पाठवा.

सिद्धेशने ते वाचले आणि म्हणाला, “बाबा, शनिवारी ड्राइव्ह करून जाऊ या का? चार-पाच तास तर लागतील.”

“नको रे. तुला ऑफिसचं काम असतं.”

“ओके बाबा. ॲज यू विश,” म्हणून सिद्धेश लॅपटॉपकडे वळला. तो चांगला मुलगा आहे. तो इथेच वाढला.

प्रल्हाद थोडा वेळ त्याच्या खुर्चीमागे उभे राहिले. मी टेबलावरून पाहत होतो. सिद्धेशने पुन्हा विचारले नाही. मग ते आपल्या खोलीत आले, टेबलाशी बसले आणि लिहू लागले. या वेळी फाडले नाही.

‘प्रिय हेल्गा, तुमचे जेवण चांगले होते. मला रोज भूक लागत होती. आमच्याकडे पाहुणा दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो. हे मी तुम्हाला सांगितले नाही. बिस्किटे मी चाखलीसुद्धा नाहीत. माझी चूक झाली. मोनिका, कृपया आईला पुन्हा विचारा. एकदा नको म्हटल्यावर ताट उचलू देऊ नका.’

ते पत्र त्यांनी माझ्यात ठेवले. लाडू आता त्या बाईंना चावता येणार नाहीत, म्हणून कागदाच्या पुडीत मूठभर साखर घातली. चाळीस वर्षांनी का होईना, मी भरून परत निघालो. पण मित्रांनो, मला खोटे बोलता येत नाही. टपालाला तीन दिवस लागतात. मी पोचेन तेव्हा झाकण उघडायला त्या असतील, असे मला वाटत नाही.

तुमच्याकडे कोणी नको म्हणाले, तर पुन्हा एकदा विचारा. आणि तुम्हाला कोणी एक ओळ मागितली, तर ती वाईट इंग्रजीत का असेना, त्याच दिवशी लिहा. माझे सांगणे एवढेच, आणि तेही उशिरा.

सावनीने गाडी चालवली. टपाल कचेरीत प्रल्हादने खोके काउंटरवर ठेवले, पण हात काढेनात. पलीकडच्या बाईंनी विचारले, पाठवायचे ना? त्यांनी खोके आणखी घट्ट धरले. तेव्हा त्या बाईंनी पुन्हा विचारले, सर, पाठवायचे ना?

“हो,” प्रल्हाद म्हणाले, आणि हात काढले.