सोमवारची फुंक

रंगनाथ गाडेकरवर सूड उगवायचा हे ज्योतीने ज्या दिवशी ठरवलं, त्या दिवशी तिने त्याला स्वतःच्या हाताने चहा करून पाजला होता.

तो आला होता तिच्या नवऱ्याला, कानिफनाथला, कामावरून काढल्याचं पत्र द्यायला. गावचाच माणूस, नात्याने भाऊजी, आणि सुप्याच्या एमआयडीसीत पावाच्या पावडरीची जी कंपनी आहे तिथला कामगारांवरचा साहेब. कानिफनाथ तिथेच अकरा वर्षं मिक्सिंगला होता. मैद्यात पाव फुगवायची पावडर मिसळायची, धुरळ्यात उभं राहून पोत्यावर पोतं ओतायचं. आता उंबऱ्यापासून मोरीपर्यंत जायचं तर त्याला दोनदा थांबावं लागत होतं.

"दरसाली पुण्याची गाडी येती, समद्यांची फुंकायची चाचणी हुती," रंगनाथ बशीत चहा ओतत म्हणाला. "दरसाली ह्यो फिट. बिडीचा दमा हाय हा, वहिनी. कंपनीच्या माथी मारू नका."

बिडीचा! कानिफनाथ माळकरी माणूस, उभ्या जन्मात बिडीला हात लावला नाही. पण उत्तर द्यायला त्याच्या छातीत श्वास कुठे होता? ज्योतीने कपबशा उचलल्या. आतून तिचा नुसता जाळ झाला होता.

महिन्याभरात ती त्याच कंपनीत पॅकिंगला लागली. रंगनाथ गावभर सांगत सुटला, बघा, आम्ही माणुसकी सोडत नाही. सांगू दे, ज्योतीने मनात म्हटलं.

नगरच्या डॉक्टरांनी कानिफनाथला फुंकायची नळी दिली होती. जोरात फुंकलं की काटा सरकतो आणि दम किती आहे तो आकडा दिसतो. चार महिन्यांत ज्योतीलाही खोकला लागला, तशी तीही रोज फुंकून आकडे वहीत लिहू लागली. शनिवारी रात्री काटा सव्वादोनशेच्या वर जाईना. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी सकाळी साडेतीनशे. दर आठवड्याला हेच.

"पुन्याची गाडी कोनत्या वारी येती गं?" तिने शेजारच्या टेबलावरच्या रेश्माला विचारलं.

"सोमवारी. गाडेकर सायेबच ठरवत्यात. म्हनत्यात, सुट्टीनंतर मानसं ताजी आसत्यात."

ज्योतीचे हात थांबले. अकरा वर्षं तिच्या नवऱ्याला सुट्टीनंतरच्या सकाळी फुंकायला लावलं होतं आणि फिट म्हणून परत त्याच धुरळ्यात ढकललं होतं. आणि हा वर तोंड करून बिडी म्हणतो!

मग ती टपून बसली. चैत्रात संधी आली. भैरवनाथाची जत्रा बुधवारी होती, आणि पुढच्या सोमवारी पुण्याची गाडी. जत्रेत पहिल्या काठीचा मान गाडेकरांचा. बुधवारी रंगनाथला फेटा बांधून काठीपुढे मिरवायचं होतं, पण एकट्याने रजा मागितली तर मोठे साहेब भडकणार. ज्योतीनेच सगळ्यांच्या सह्या गोळा करून त्याच्यापुढे अर्ज ठेवला. बुधवारी जत्रेची सुट्टी द्या, बदली रविवारी भरून देतो.

"वहिनी, लई शान्या हाय तुमी," म्हणत त्याने खुशीत शिक्का मारला. काठीच्या नादात सोमवार त्याच्या डोक्यातून पार निघून गेला.

बुधवारी तो काठीपुढे नाचला. रविवारी मिक्सिंगला माणसं कमी पडली, तेव्हा साहेबांना खूश करायला दिवसभर स्वतःच तिथे उभा राहिला. त्यालाही कोरडा खोकला होता, पण तो एसीवर ढकलायचा. संध्याकाळी रेश्मा भिंतीला टेकून धापा टाकत होती. आजचा हा दिवस हिच्या छातीवर आपण घातला, हे ज्योतीला ठाऊक होतं. तरी तिने माघार घेतली नाही.

सोमवारी गाडी आली. या वर्षी डॉक्टरीणबाई नवीन होत्या, दीना नावाच्या. पहिले दहा जण फुंकून झाले आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. "इतके कमी? काल सुट्टी नव्हती का?"

रंगनाथचा चेहरा उतरला. तेव्हा कुठे त्याला आठवलं. "नाटकं हायती मॅडम, फुंकतच न्हाईत नीट. हे बघा, मी दावतो." त्याने नळी ओढून घेतली, छाती फुगवली आणि फुंकलं.

"दोनशे दहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या उंचीला पाचशे हवेत."

त्याने परत फुंकलं. दोनशे. तिसऱ्यांदा फुंकताना खोकल्याने वाकला तो वाकलाच.

ज्योतीने त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला. "बिडी सोडा, भाऊजी," ती सगळ्यांदेखत म्हणाली.

तिला त्याची दया आली नाही. तिने पिशवीतून कानिफनाथचे कागद काढले, अकरा सोमवारांचे फिटचे दाखले आणि स्वतःच्या रोजच्या आकड्यांची वही, आणि डॉक्टरीणबाईंपुढे ठेवले. बाईंनी सगळं वाचलं आणि अहवालात लिहिलं की हा दमा कामाच्या जागेचा आहे. खाली कानिफनाथचं नाव घातलं. त्याच्याखाली ज्योतीचं, रेश्माचं आणि रंगनाथचंही.

घरी कानिफनाथ खाटेवर बसून होता. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने एवढंच विचारलं, "त्याला किती आलं?"

"दोनशे धा."

कानिफनाथ हसला. हसता हसता खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसतच राहिला. ज्योतीने त्याला थांबवलं नाही.