जामिनाचे पेढे

“पोरगीच तसली असंल,” चाकूरला चढलेली बाई शेजारणीला म्हणाली. “न्हाईतर अवेळी स्टुडिओत जातंय का कुणी?”

मी तिला अर्धं तिकीट काढून दिलं. पोरगी माझी होती. ज्योत्स्ना. गायक मृत्युंजयच्या गाण्यांत मागे कोरसला गायची. त्याच्याच नांदेडच्या स्टुडिओत तिचा गळा आवळला, आणि खुनाचा खटला त्याच्यावर चालू आहे. छातीवरच्या बिल्ल्यावर माझं आडनाव असतं, पण कंडक्टरचं आडनाव कोण वाचतंय!

कोर्टाच्या तारखांपायी रजा केव्हाच संपल्या, म्हणून आज लातूर–नांदेडची ड्युटी मागून घेतली. नांदेडला गाडी तासभर थांबते, तेवढ्यात कोर्टात जाऊन जामिनाचं काय होतंय ते बघायचं होतं. बायकोला, कोंडाबाईला, काही सांगितलं नव्हतं. मागच्या तारखेला ती कोर्टाच्या पायरीवरच चक्कर येऊन पडली. टीव्ही तर आम्ही घरातून काढूनच टाकलाय.

अहमदपूरला मृत्युंजयचा फोटो छापलेले टीशर्ट घालून पोरांचं टोळकं चढलं. त्यांचा म्होरक्या सत्यम.

“मामा, दादाला आज जामीन हाय. गाडी जरा दामटा की.”

“जामीन होणार हे तुला कसं ठावं?”

“समदी दुनिया बोलायलीय. एवढी गोड गाणी करणारा माणूस खून करंल का? तुम्हीच सांगा.”

गाडीतल्या माना हलल्या. मोठ्या माणसाला पैशासाठी अडकवतात, असं एक गुरुजी म्हणाले. यांनाच न्यायाधीश करा म्हणावं, कोर्टाचा खर्च तरी वाचेल.

ड्रायव्हर किशनरावला सगळं माहीत होतं. मी पुढे गेलो तसा तो हळूच म्हणाला, “उतरवू का समद्यांला? तू फकस्त बेल दे.”

“ऱ्हाऊ दे. तिकीट काढलंय त्यांनी.”

जामीन झाला. कोर्टाच्या दारात उभ्यानं ऐकलं आणि तसाच मागे फिरलो, गाडीची वेळ झाली होती. रडायलाही सवड मिळाली नाही.

परतीला तीच पोरं, हातात पेढ्यांचे पुडे. अख्ख्या गाडीनं पेढे घेतले. “घ्या मामा, तोंड गोड करा,” सत्यम म्हणाला. माझ्या एका हातात मशीन, दुसऱ्यात सुटे पैसे. त्यानं पेढा माझ्या खिशात घातला आणि वरून थोपटला. खरं सांगतो, त्याचं मनगट पिरगाळावंसं वाटलं. मी पुढच्याला तिकीट दिलं.

संध्याकाळी कोंडाबाईनं शर्ट धुवायला घेतला, खिसा चाचपला.

“पेढा कशाचा वो?”

तोंडाला आलं ते बोललो. “पॅसिंजर होता एक. पोरगी झाली म्हणं त्याला.”

पोरीची जिलेबी वाटतात आमच्याकडे. पेढे पोराचे.

“पोरगी झाली म्हणून पेढे वाटले?” किती दिवसांनी तिचा चेहरा जरा सैल झाला. “लई चांगली माणसं हायत.”

तिनं पेढा बशीत घेतला आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी ज्योत्स्नाचा फोटो आहे, त्याच्यापुढे ठेवून हात जोडले.

मी शर्ट उचलला आणि मोरीत धुवायला बसलो.