सहा ते सात

पत्र आलं तेव्हा मी दाराजवळचं बुटांचं कपाट दुरुस्त करत होतो. बिजागरी कुरकुरत होती आणि मला कुरकुर सहन होत नाही, स्वतःची सोडून. सुनेने पाकीट फोडलं, उभ्या उभ्या वाचलं आणि पाठ भिंतीला टेकवली.

"काय गं? कोण गेलं?" मी विचारलं.

"तिसरी," ती म्हणाली. "बाबा, तिसरी तपासणी हुकली."

मला पहिली आणि दुसरी माहीत नव्हती, तर तिसरीचं काय कळणार? पण तिचा चेहरा बघून माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला.

आधी थोडं सांगतो. माझा मुलगा सायकलपटू आहे. हौसेखातर नव्हे, पगारी. तेरा वर्षं तो रस्त्यावरच्या मोठ्या शर्यतींत धावला आणि तेरा वर्षांत एकही जिंकला नाही. जिंकणं हे त्याचं कामच नव्हतं. संघात एक म्होरक्या असतो. बाकीच्यांनी त्याच्यासाठी वारा अंगावर घ्यायचा, मागच्या गाडीतून त्याला पाणी आणून द्यायचं, त्याचं चाक पंक्चर झालं तर स्वतःचं काढून द्यायचं. माझा मुलगा जर्सीत पुढून-मागून आठ-आठ बाटल्या कोंबून घाट चढायचा. संघात त्याला 'पाणक्या' म्हणत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. त्याला मात्र त्याचं काही वाटत नसे. उलट एकदा मला म्हणाला, "बाबा, तुम्ही आयुष्यभर लोकांना वर पोचवलंत आणि स्वतः जिन्याने गेलात. मी वेगळं काय करतोय?"

चाळीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या. 

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. तो तेहतीस वर्षांचा झाला होता आणि हे त्याचं शेवटचं वर्ष. तीन आठवड्यांच्या मोठ्या शर्यतीत एक दिवस त्याला मोकळा सोडायचं संघाच्या व्यवस्थापकाने कबूल केलं होतं. त्या दिवशी ना बाटल्या, ना कोणाची वाट बघणं. स्वतःसाठी धावायचं, जमलं तर त्या दिवसाचा टप्पा जिंकायचा. त्या दिवसाच्या रस्त्याचा नकाशा त्याने फ्रिजवर चिकटवला होता. दूध काढायला गेलं की आधी तो घाट दिसायचा. शर्यतीला पाच आठवडे उरले होते आणि हे पत्र आलं.

अर्ध्या तासाने तो सरावाहून आला. खांद्यावर सायकल घेऊन चार मजले चढतो, लिफ्ट वापरत नाही, माझ्या नाकावर टिच्चून. सुनेने पत्र पुढे केलं. त्याने वाचलं, सायकल भिंतीला लावली, पुन्हा वाचलं.

"मी घरी होतो," तो म्हणाला.

"मागच्या वेळीही हेच म्हणालास."

"मागच्या वेळीही घरी होतो."

मी मधे तोंड घातलं. म्हटलं, मला कोणी माणसात धरून काही सांगेल का? दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली, तेव्हापासून या घरात वाईट बातमी मला गाळून मिळते. बहुतेक वेळा गाळणीतच राहते.

मग सुनेने सांगितलं. ती नर्स आहे. कठीण गोष्टही साध्या आवाजात सांगते. उत्तेजक औषधं तपासणारे लोक न कळवता येतात. त्यासाठी खेळाडूने रोजचा एक तास लिहून द्यायचा, या वेळी मी या पत्त्यावर सापडेन म्हणून. यांनी सकाळची सहा ते सात ही वेळ दिली होती, कारण त्या वेळी झोपलेला माणूस घरीच असतो. बारा महिन्यांत तीनदा सापडला नाही, तर रक्तात काही मिळो न मिळो, बंदी. पहिल्यांदा विमान रद्द झालं होतं आणि तो बदल कळवायला विसरला होता. ती त्याची चूक, त्याने मानली. दुसरी मार्चमध्ये. तेव्हा सून माहेरी होती. तो घरी झोपलो होतो म्हणाला, पण तपासणारा तासभर खाली बेल दाबून गेला होता. तिने परत आल्यावर बेल तपासली. बेल ठणठणीत वाजत होती.

"न कळवता येतात?" मी विचारलं. "आधी पत्र नाही, काही नाही?"

आमचे लिफ्टचे इन्स्पेक्टर आठ दिवस आधी पत्र पाठवून येत. आम्ही दोऱ्यांना तेल लावून, चहा ठेवून त्यांची वाट बघायचो. माझ्या डोक्यात तपासणी म्हणजे तेवढंच होतं. सायकलवाल्यांचा तपासनीस मी घरी एकदाच पाहिला होता, तोही संध्याकाळी. फोन करूनच आला असणार, असं मी धरून चाललो होतो.

"पत्रात सगळं लिहिलंय," सून म्हणाली आणि वाचू लागली. वाचत होती नवऱ्याकडे बघून. "मंगळवार. सहा वाजून दोन मिनिटांनी चौथ्या मजल्याची बेल दाबली. उत्तर नाही. दर दहा मिनिटांनी पुन्हा दाबली. इमारतीतून दोघे बाहेर पडले, पण त्यांनी अनोळखी माणसाला आत घेतलं नाही. सहा पंचावन्नला नियमाप्रमाणे फोन केला. फोन कापला गेला. सहा छप्पन्नला पुन्हा केला. पुन्हा कापला गेला."

तिने कागद खाली घेतला.

"झोपलेला माणूस फोन कापतो का रे?"

 त्याला खरंच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी कपाटाची कड धरली.

तो मंगळवार मला लख्ख आठवत होता. आदल्या रात्री तो आठवडाभराची शर्यत करून आला होता. गुडघे सोललेले, डोळे खोल गेलेले. सून पाचलाच ड्युटीवर गेली. मी चहा टाकला आणि त्याच्या खोलीत डोकावलो. तोंड उघडं टाकून झोपला होता, लहानपणी झोपायचा तसाच. त्याला उठवायला जीव होईना. त्याचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. झोपायच्या खोलीत फोन नको, हा सुनेचा नियम. सातला पाच कमी असताना तो थरथरायला लागला. नंबर अनोळखी. म्हटलं, आले बातमीदार, यांना दिवस-रात्र काही आहे की नाही? कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला, आणि वर दोन शिव्या घातल्या. मग मजेत चहा प्यायलो.

आणि बेल?

"घेतलंस का काही?" सून विचारत होती. तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "एकदाच सांग. त्या एका दिवसासाठी काही घेतलंस का? मी तुझी बायको आहे, मला खरं सांग."

त्याने तिच्याकडे असं पाहिलं की मला ते बघवेना. तेरा वर्षांत तो कितीदा तरी पडला, हाडं मोडली, पण असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"तू खाली जा," मी सुनेला म्हणालो.

"काय?"

"खाली जा आणि आपली बेल दाब. आत्ता. मग बोल त्याला काय बोलायचं ते."

ती वेड्याकडे बघावं तशी बघत राहिली, पण गेली. मी कोट अडकवायच्या खुंट्यांशी गेलो, माझा जुना कोट बाजूला केला आणि मागचं काळं बटण खाली ओढलं.

मग आम्ही दोघं थांबलो. घरात चिटपाखरू नसावं तशी शांतता. मुलगा खिडकीशी गेला.

"ती दाबतेय," तो म्हणाला. "बाबा, ती बेल दाबतेय. वर बघतेय."

मी बटण वर केलं. त्याबरोबर बेल अशी कर्कश वाजली की आम्ही दोघंही दचकलो. ती खाली दाबतच होती. वाजतच राहिली.

"हे कधी बसवलंत?" त्याने विचारलं.

"तुझं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं तेव्हा. गेल्या वर्षी. खालच्या बेकरीचा तो मैद्यावाला ड्रायव्हर पहाटे चुकून आपलंच बटण दाबतो. तुला झोप मिळेना. मग तू घरी असलास की मी रात्री बंद करायचो आणि आठला चहाच्या वेळी चालू करायचो. कोणाला त्रास नको म्हणून सांगितलं नाही."

"गेल्या वर्षी," तो म्हणाला. त्याने बोटावर मोजावं तसं मोजलं. "म्हणजे मार्चमध्येही."

मला वाटलं होतं माझी चूक एक आहे. ती दोन निघाली. मी बुटांच्या कपाटावर बसलो, आणि नुकतीच दुरुस्त केलेली बिजागरी माझ्या वजनाने पुन्हा वाकली.

सून धापा टाकत वर आली. तिला एका वाक्यात सांगितलं. ती माझ्यावर ओरडेल, असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती त्याच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मार्चपासून मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही." एवढंच. तो म्हणाला, "बेल वाजत होती ना, तू तरी काय करणार?" आणि आंघोळीला गेला. नळ बराच वेळ चालू होता.

चौकशी कॉम्प्युटरवर झाली. पडद्यावर तीन माणसं. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो आणि सगळं सांगितलं: बटण, ड्रायव्हर, फोन. खुंट्यांमागचं बटण उखडून सोबत आणलं होतं, ते कॅमेऱ्यापुढे धरलं. मधल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. चांगल्या होत्या. त्यांनी त्याला एकच विचारलं, "आपल्या दाराची बेल वाजते की नाही, हे पाहणं कोणाचं काम?"

मी म्हणणार होतो, माझं. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"माझं," तो म्हणाला.

काही लपवलं नाही हे त्यांनी मान्य केलं, म्हणून दोन वर्षांचं दीड वर्ष झालं. संघाने दोन ओळींचं पत्र पाठवून करार संपवला. फ्रिजवरचा नकाशा कोणी काढला मला माहीत नाही. मोठी शर्यत सुरू झाली, त्याचा तो दिवसही आला आणि गेला. कोणी टीव्ही लावला नाही. मी मात्र बेकरीत पाव आणायच्या निमित्ताने गेलो आणि तिथल्या टीव्हीवर पाहिलं. संघाचा दुसराच पोरगा मोकळा सुटला होता. सतरावा आला. मला इतका राग आला की पाव तिथेच विसरून आलो.

बंदीतही तपासणी सुरू असते, परत यायचं असेल तर रोजचा तास लिहून द्यावाच लागतो, हे आता मला पाठ झालं होतं. दीड वर्षाने तो पस्तिशीला टेकला असता. पस्तिशीतही काही जण धावतात, मी चौकशी केली होती. म्हणून मी रोज पावणेसहाला उठून दाराजवळ खुर्ची टाकायला लागलो. इंटरकॉमचा रिसीव्हर हाताशी, त्याचा फोन मांडीवर. आधी खाली जाऊन बेल एकदा दाबून यायचो. सून ड्युटीला जाताना माझ्या अंगावर शाल टाकायची. सात वाजले की उठायचो. तपासणारं कोणी येत नव्हतं. म्हटलं, येतील, न कळवता येतात. एकेचाळीस सकाळी बसलो.

बेचाळिसाव्या सकाळी साडेसहाला तो खोलीतून बाहेर आला. माझ्याजवळ बुटांच्या कपाटावर बसला.

"बाबा, कोणी येणार नाही," तो म्हणाला.

"येतील रे."

"नाही येणार. मी निवृत्तीचा अर्ज दिलाय. यादीतून नाव काढून घेतलंय."

मला शब्द समजले, अर्थ डोक्यात शिरायला वेळ लागला. "कधी?"

"निकाल आला त्याच आठवड्यात. परत नाही जायचं मला. थकलोय मी."

"आणि मी इतके दिवस इथे बसलोय ते?"

त्याने खाली पाहिलं. "रोज सांगायला यायचो. तुम्ही शाल घेऊन बसलेले असायचात, रिसीव्हर हातात घेऊन. तुम्हाला उठवायला जीव होईना."

 मला रडायचं होतं की त्याला एक ठेवून द्यायची होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

आणि तेवढ्यात बेल वाजली.

मी ताडकन उठलो. खुर्ची मागे पडली, फोन घरंगळला. मी रिसीव्हर ओढून कानाला लावला आणि ओरडलो, "घरी आहे! तो घरीच आहे, थांबा, जाऊ नका! घरीच आहे तो!"

 पलीकडून मैद्यावाला ड्रायव्हर घाबरून म्हणाला, "कोण घरी आहे, काका?"

मुलाने माझ्या हातातून हळूच रिसीव्हर काढून घेतला. "चौथा मजला आहे हा," तो त्याला म्हणाला. "बेकरीचं बटण खाली आहे." आणि त्याने दार उघडायचं बटण दाबलं.