शिरपूरचा तिसरा भाग

भूषणने टीव्ही बंद केला तरी त्याचे वडील, पुना, पडद्याकडेच बघत होते.

"बघितलं ना आबा? चौकीदार जळाला आणि संपला. परत कुठे आला?"

पुनाने शेजारी बसलेल्या अभिमनकडे बघितलं. अभिमन चहाची बशी खाली ठेवत होता. ती त्याने उगाच आणखी सावकाश ठेवली.

वाद जुना होता. 'सूनी बावडी' या भुताच्या सिनेमाचे पाच भाग आले आणि पाचही शिरपूरच्या एकाच टॉकीजला लागले. चालवले अभिमननेच, कारण तीस वर्षं तिथला ऑपरेटर तोच. पहिला भाग चांगला, याबद्दल गावात दुमत नव्हतं. पुढच्या चारांत भारी कोणता, यावर मात्र या दोघांनी निम्मं आयुष्य घालवलं. पुना म्हणायचा, तिसरा. अभिमन म्हणायचा, दुसरा. आणि का म्हणून विचारलं की विषय बदलायचा. पुनाची सगळी मदार एका प्रसंगावर. चौकीदाराला चितेवर जाळतात, आणि पुढच्याच क्षणी तो कंदील घेऊन येतो, मालकिणीला चहा ओतून देतो, साखर किती म्हणून विचारतो. ती बाई हसून सांगते.

"ती हासस, तठेच मना जीव गया," पुना म्हणायचा.

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण गेल्या महिन्यात पुना शेतातली मोटार चालू ठेवून घरी आला, आणि एकदा चक्क जावयाचं नाव विसरला. भूषणने त्याच्या मोटारसायकलची चावी काढून घेतली आणि धुळ्याच्या डॉक्टरची वेळ ठरवली. मनात वाईट नव्हतं, बापाची काळजीच होती. आज रविवार म्हणून त्याने तो तिसरा भाग मोबाइलवर शोधला आणि टीव्हीवर लावला. त्यात चौकीदार आधी चहा देतो, मग बावडीकडे जातो, मग जळतो. सगळं कसं शहाण्यासारखं.

"मी सोताना डोयाघाई दखेल शे," पुना स्वतःच्या डोळ्यांकडे बोट करून म्हणाला. मग त्याचा आवाज खाली गेला. "का मनं डोकंच गयं, अभिमन?"

सून सारिका दारात मेथी निवडत होती. ती म्हणाली, असू द्या आबा, वयाने होतं असं. ते ऐकून म्हातारा पुन्हा बंद पडद्याकडे बघू लागला. अभिमनला ते बघवेना.

टॉकीज बंद झालं त्या दिवशी मालकाने अभिमनला शाल घालून भाषण केलं होतं, की तीस वर्षांत याने एकही रीळ मागेपुढे केलं नाही. त्या सत्काराचा फोटो अभिमनच्या भिंतीवर होता. मिरवायला दुसरं त्याच्याजवळ काही नव्हतं.

"पुनाभाऊ, तुमनं डोकं बराबर शे," तो म्हणाला. "चूक मनी शे."

मग त्याने सांगितलं. तिसऱ्या भागाची ती प्रिंट दहा गावं फिरून आलेली, रिळांची तोंडं फाटलेली, आकडा फक्त डब्यावर. अकरावं रीळ बाराव्याच्या डब्यात होतं आणि बारावं अकराव्याच्या. रीळ उलगडून उजेडात बघायचं, मगच चढवायचं, हा नियम. त्या दिवशी त्याने बघितलं नाही. चौकीदार जळाल्यावर चहा घेऊन आला तेव्हा त्याने मशीनच्या खोलीच्या भोकातून खाली डोकावलं. आता शिट्ट्या पडणार, खुर्च्या मोडणार. तर अख्खं टॉकीज चिडीचूप. पुढच्या खेळाला नीट लावायला हवं होतं. पण सुटलेले लोक बाहेर रांगेतल्यांना त्या चहाचंच सांगत होते. तीन आठवडे त्याने ते तसंच चालवलं, मुद्दाम. मालकालाही कळू दिलं नाही.

भूषण पोट धरून हसला. "म्हणजे नाना, सगळ्या शिरपूरला तीन आठवडे चुकीचा सिनेमा?"

अभिमनला फार लाज वाटली. तो मान खाली घालून बसला.

सारिका उठली, कपाटातून चावी काढली आणि आबांच्या नेहमीच्या खिळ्याला अडकवली. तरी धुळ्याच्या डॉक्टरकडे जायचंच, असं भूषण म्हणाला. पुना म्हणाला, जाऊ की, गाडी मी चालवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुनाची मोटारसायकल अभिमनच्या दारात उभी राहिली. आत भिंतीवर फोटोचा खिळा मोकळा होता, फोटो खाटेवर पालथा पडला होता. पुना आत आला. फोटो उचलला, उपरण्याने काच पुसली, जागेवर लावला आणि खाटेवर बसला.

"आते सांग. कोनता भाग भारी?"

"तिसरा," अभिमन म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

फोटो जरा तिरका लागला होता. पुना पुन्हा उठला आणि त्याने तो सरळ केला.