हिरव्या पट्ट्याची स्पर्धा

तळ्याच्या फाटकापासूनच वास यायला लागला तसा पट्टेवालीने नाकाला रुमाल लावला. कुजक्या अंड्यांचा वास तिला नवा नव्हता, पण आज त्याला मेलेल्या माशांची जोड होती. तळ्यावर शेवाळाची जाड हिरवी साय धरली होती. बघूनच शिसारी यावी असलं ते पाणी गाळून, औषध टाकून साऱ्या वस्तीच्या नळांना जात होतं. सकाळचा नमुना नापास झाला की पंपाला कुलूप, असं पंपवाल्याने सांगून ठेवलं होतं.

पट्टेवाली हे काही तिचं नाव नव्हे. ती शेतीखात्याची सल्लागार. शेतातलं खत तळ्यात वाहून जाऊ नये म्हणून मध्ये दहा पावलं गवताचा पट्टा राखा, पाऊस तोंडावर असताना खत टाकू नका, हे ती तीन वर्षं घरोघर सांगत फिरली. लोकांनी तिला नाव ठेवलं आणि मोकळे झाले. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी यंदा तिने उत्तम पट्ट्याची स्पर्धा लावली, आणि बक्षीस म्हटल्यावर काठच्या नऊच्या नऊ शेतकऱ्यांनी गवत राखलं. मग पाणी आणखी का सडलं, हेच तिला कळेना. आज स्पर्धेची पाहणी होती.

पहिला पट्टा तिच्या सख्ख्या मामाचा. मामा धुतलेला सदरा घालून बांधावर उभा होता. गवत गुडघाभर, दृष्ट लागावी असं हिरवंगार.

"बघ! अख्ख्या काठावर आहे का असं?"

ती खाली वाकली. गवताच्या बुडाशी पांढरे दाणे चमकत होते. एक उचलून तिने बोटांत चोळला.

"मामा, हा युरिया आहे."

"मग? नुसत्या मातीवर एवढं हिरवं होतं होय? काल आभाळ भरून आलं तशी आणखी एक गोणी मारली. पहाटेच्या पावसात ते सगळं मुरलं बघ, म्हणून आत्ता या दोन मुठी टाकल्या."

"मुरलं नाही, तळ्यात गेलं!"

"असं कसं? बाकीचे आठही जण मला विचारून गेले, काय टाकतोस म्हणून. मी कुणापासून लपवलं नाही."

पट्टेवालीने हातातला दाणा फेकून दिला. म्हणजे जिथे खत अडवायचं, तिथूनच हे नऊ शहाणे तळ्याला खत चारत होते! माणसं इतकी बथ्थड असतात? तिचा तोल सुटला.

"तीन वर्षं घसा फोडला मी! शेतातलं खत अडवायला गवत ठेवलं होतं, आणि तुम्ही गवतालाच खत घातलंत? किळस येते मला तुमची!"

मामाचा चेहरा उतरला. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून तिच्या हातात दिला.

"तुझाच आहे. वाच मोठ्याने."

तिने वाचला. पट्ट्याची रुंदी, पाच गुण. हिरवेपणा, दहा गुण. नीटनेटकेपणा, पाच गुण.

"यात पाणी कुठं आहे?" मामा हळूच म्हणाला. "भाचीची स्पर्धा, तिची मान खाली जायला नको, म्हणून पदरच्या पैशाचं खत ओतलं गं मी."

तो कागद तिने चहा पिता पिता दहा मिनिटांत खरडला होता. हिरव्या गवताचा फोटो छान येतो, साहेब खूश होतात, म्हणून हिरवेपणाला दहा. तिला स्वतःचीच एवढी किळस आली की मामाकडे बघवेना.

तेवढ्यात पंपवाला वही घेऊन आला. "ताई, नमुना नापास. कुलूप लावलं. कारण काय लिहू? शेतकऱ्यांचा हलगर्जीपणा?"

मामा जमिनीकडे बघत राहिला. तिने वही ओढून घेतली आणि लिहिलं, 'सल्लागाराने चुकीची स्पर्धा लावली, त्यामुळे पट्ट्यांवर खत पडले.' खाली सही केली.

"ताई, नोकरी जाईल ना!"

"वस्तीचं पाणी गेलं. माझी नोकरी काय एवढी मोठी लागून गेली?"

वही परत देताना तिने वर पाहिलं. आभाळ पुन्हा भरून आलं होतं, आणि पलीकडच्या आठही पट्ट्यांवर माणसं घमेली घेऊन घाईघाईने खत फेकत होती. "थांबा!" ती ओरडत पळत सुटली. सगळ्यात जवळच्याने तिला येताना पाहिलं, हसून हात हलवला आणि आणखी एक मूठ भिरकावली.

"या बाई, आधी आमचा बघा!"