मला नाही पटलं

या मंडळींची तऱ्हाच न्यारी! यांच्या प्रार्थनागृहात ना मूर्ती, ना गादी, ना कोणी महाराज. दर आठवड्याला आपल्यातलंच कोणीतरी उठून बोलतं. कधी शिंपी, कधी नर्सबाई. बोलून झालं की ज्याला पटलं नसेल त्यानं उभं राहून तोंडावर सांगायचं. प्रश्न विचारले म्हणून जुन्या देवळातून ज्यांना हाकललं, त्यांनीच ही जागा बांधली. विटा वाहणाऱ्यांत यांच्यातल्याच एका प्लंबरचे आजोबाही होते, आणि प्लंबरला त्याचा केवढा तोरा! इथे कोणीच उठलं नाही, तर त्याचा अर्थ एकच: बोलणाऱ्याला कोणी मोजलंच नाही.

आज प्लंबरच्या लेकीची पहिली वेळ होती. ‘बाबा, एक जण जरी उठला ना, तरी भरून पावले,’ असं ती निघताना म्हणाली होती.

बोलली मात्र झकास. वेगळी प्रार्थना कशाला हवी, मन लावून केलेलं काम हीच प्रार्थना, असं तिचं म्हणणं. बापाची छाती फुगली. पण तिचं बोलणं संपलं आणि कोणीच उठेना. एरवी पंख्याच्या वेगावरून भांडणारी माणसं, आज मूग गिळून बसलेली!

‘मीच सांगितलंय सगळ्यांना,’ बायको कानाशी कुजबुजली. ‘पोर नवखी आहे, आज नका छळू म्हटलं.’

‘अगं, काय करून बसलीस हे!’

तिकडे लेकीचा चेहरा पार उतरला. ती कागद गोळा करू लागली.

चार माणसांत प्लंबरची बोबडी वळायची. जन्मात कधी तो इथे बोलला नव्हता. पण तो उठला.

‘मला नाही पटलं. नळ दुरुस्त करताना माझ्या तोंडून नुसत्या शिव्या निघतात. ही कसली प्रार्थना?’

सगळे खो खो हसले. लेक हसली नाही. तिनं कागद खाली ठेवले.

‘शिव्या देता, पण गळती थांबल्याशिवाय कधी उठलात का, बाबा?’

‘चोरही कुलूप मन लावूनच फोडतो! त्याचं काय?’

‘याचं उत्तर आत्ता माझ्याकडे नाही,’ ती म्हणाली. ‘पण शोधल्याशिवाय सोडणार नाही.’

‘थांब, मलाही नाही पटलं!’ नर्सबाई ताडकन उठल्या. मागोमाग शिंपी. मग काय, जो तो हात वर करू लागला, आणि लेक ताठ उभी राहून एकेकाला तोंड देऊ लागली.

प्लंबर मटकन खाली बसला.

‘खरंच नाही पटलं?’ बायकोनं विचारलं.

‘शब्दन् शब्द पटला गं,’ तो डोळे पुसत म्हणाला. ‘आता गप्प बस, ऐकू दे.’