भिजत घातलेली होडी

पेट्रोल आणि मेंढीची लोकर, हे दोन वास एकाच अंगाला येतील असे मला कधी वाटले नव्हते. मायाप्पाच्या अंगाला ते येत. कार्तिकातल्या सकाळी, कृष्णेवरचे धुके अजून पाण्याला बिलगून असताना, तो आमच्या परसात इंजिनासमोर उकिडवा बसे. स्क्रूड्रायव्हरचे टोक लोखंडावर टेकवी, लाकडी मूठ कानाला लावी आणि डोळे मिटून घेई. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जी शांती उतरे ती देवळातल्या माणसांच्या चेहऱ्यावरही मी फारशी पाहिलेली नाही. त्यांना काहीतरी मागायचे असते. याला फक्त ऐकायचे असे.

तो जतच्या पूर्वेकडचा, कानडी मुलखाला लागून असलेल्या माळावरचा धनगर. त्याच्या गावाला नदी नाही. ओढा आहे, पण त्यात पाण्यापेक्षा वाळूच अधिक काळ नांदते. मोटारबोट त्याने प्रथम पाहिली ती थेट इराकातल्या बसऱ्याला, लष्कराच्या वर्कशॉपात, आणि दुसरी मोठी लढाई संपेपर्यंत तिथल्या नदीवर चालणाऱ्या बोटींची इंजिने तो उघडत आणि मिटत राहिला. हात रुंद, बोटे आखूड, नखांत वंगणाची काळी रेघ कायमची. व्यायला आलेल्या मेंढीच्या पोटावर ठेवावा तसा तो इंजिनाच्या टाकीवर तळवा ठेवी आणि आत काय अडले आहे ते जणू त्वचेनेच समजून घेई.

होडी ही माझ्या यजमानांची हौस. सांगलीत वकिली करणाऱ्या माणसाने इंजिनाची होडी बाळगावी याला मी कधी शहाणपणा म्हटले नाही. सागवानी फळ्यांची, सहाजणांची, पाठीमागे अडकवायचे छोटे इंजिन असलेली ती होडी रविवारी हरिपूरच्या संगमापर्यंत जाई आणि परत येई. त्याहून मोठी आकांक्षा तिला नव्हती. लढाईत पेट्रोल कुपनावर गेले, होडी गोठ्यात गेली, आणि पाच-सहा उन्हाळे तिथेच वाळत पडली.

लढाई संपल्यानंतरच्या पावसाळ्यात यजमानांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. कोर्टात तासभर न थांबता बोलणारा माणूस तांब्याकडे नुसता पाहून पाणी मागू लागला. दिवाळीनंतर मात्र डावा हात दिवसातून दहादा एकच आकृती काढू लागला: मूठ वळलेली, हवेत डावीकडे-उजवीकडे सावकाश सरकणारी. दोन दिवस मी त्यांना वारा घालत होते. तिसऱ्या दिवशी मला उमगले की तो पंखा नव्हे, इंजिनाचा दांडा आहे. तो वळवला की होडी वळते. त्यांना संगमावर जायचे होते. डॉक्टर म्हणाले, न्यायचे तर लवकर न्या, दुसरा झटका सांगून येणार नाही. मी रडत बसले नाही. लष्करातून सुटून पेठेतल्या मोटार दुरुस्तीच्या दुकानात राहिलेल्या मायाप्पाला बोलावणे धाडले.

इंजिनाला तीन दिवस लागले. त्याने ते परसात चादरीवर मांडले, प्रत्येक भाग रॉकेलात धुतला. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोला दमट हवेची बाधा झाली होती. तो माझ्या चुलीमागच्या कट्ट्यावर, भानवशीवर, राखेच्या उबेत वाळला, आणि दोन दिवस मी भाकरी थापताना त्याची राखण केली. मग पाण्याने भरलेल्या पिंपाच्या काठाला इंजिन अडकवून मायाप्पाने दोरी ओढली. तिसऱ्या हिसक्याला ते खोकले, पाचव्याला गुरगुरले, आणि सातव्याला त्या आवाजाने असा सलग सूर धरला की आत खाटेवर यजमानांची मूठ आपोआप वळली.

राहिली होडी. उलटी घालून पाहिली, तर फळ्यांच्या सांध्यांतून उजेडाच्या रेघाच रेघा. मायाप्पाने आपली घोंगडी काढली, आईने कातलेल्या लोकरीची. तिचे एक टोक उसवले, लोकर पिळून वाती केल्या, राळ आणि जवसाच्या तेलात बुडवल्या आणि बोथट छिन्नीने सांध्यासांध्यांत ठोकून बसवल्या. तो ठोका पडे तेव्हा होडी घुमटासारखी नाद देई, आणि एकेक रेघ विझत जाई.

दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात घालायची, एवढे मला ठाऊक होते. मी उन्हे चढताना घाटावर गेले तर होडी पाण्यातच होती, पण पाण्याखाली. काठाशी कमरेएवढ्या पाण्यात ती तळाला टेकली होती, आत मोठमोठे धोंडे, वर काठाची फक्त एक ओली कड. पायऱ्यांवर बसलेले नावाडी खुशीत होते. एकाने मायाप्पाला विचारून घेतले होते की मेंढरं धुवायला आलास व्हय रं. दुसरा म्हणत होता, वकिलाचं भिजत घोंगडं.

"बुडवलीस?" मी विचारले. माझा आवाज चढला नव्हता, पण तो माझ्याही ओळखीचा नव्हता.

"बुडवली न्हाई, वैनीसाब. भिजत घातलिया. सुकल्यालं लाकूड हाय. फुगंल, तवा लोकर दाबून धरंल."

"किती दिवस?"

"आजून तीन."

आदल्या रात्रीपासून यजमानांचा घास नीट उतरत नव्हता. तीन दिवस माझ्याजवळ होते की नाही हे कोणीच सांगू शकत नव्हते. मी म्हटले, काढ वर, उद्याच जायचे आहे. तो पाण्यात उभा होता, धोतर कासेला खोचलेले; त्याने मान हलवली नाही, नजरही वळवली नाही.

"काढतो की. खरं, आज काढली तर ती संगमाला जायाची न्हाई, तळाला जाईल. आवं, तुमी डाळ भिजत घालता, ती घाई केली म्हणून शिजती व्हय?"

तीस वर्षे स्वयंपाकघर चालवलेल्या बाईला याहून वेगळा युक्तिवाद लागत नाही. मी घरी परतले. ते तीन दिवस मी यजमानांना चमच्याने पेज भरवली, आणि त्यांच्या मुठीने विचारले की एकच उत्तर दिले: भिजतेय. नावाड्यांचे बोलणेही सांगितले. घोंगडे या शब्दाला त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसली.

चौथ्या दिवशी सकाळी मायाप्पाने धोंडे काढले, पाणी उपसले, इंजिन अडकवले. चौघांनी खुर्चीसकट यजमानांना होडीत ठेवले. पायऱ्यांवरचे नावाडी आज उठून उभे राहून पाहत होते. हिवाळी ऊन नदीच्या पाठीवर तुपासारखे थिजलेले; त्यातून होडीने आपली रेघ ओढत नेली. दांडा यजमानांच्या डाव्या हातात आणि त्या हातावर मायाप्पाचा रुंद तळवा, वळवणारा नव्हे, नुसता सोबत असलेला. हरिपूरला जिथे वारणा येऊन मिळते आणि दोन पाण्यांचे दोन रंग काही अंतर शेजारी-शेजारी चालतात, तिथे इंजिन बंद केले. त्या निःशब्दात यजमान वाकले. मी धरायला पुढे झाले, मायाप्पाने खुणेने थांबवले. त्यांनी होडीच्या तळाच्या सांध्यावरून सावकाश बोटे फिरवली, ती उजेडात धरून पाहिली, आणि चार महिन्यांनंतर त्यांच्या तोंडून पहिला अखंड शब्द आला.

"कोरडी."

मायाप्पा म्हणाला, "व्हय साहेब." आणि दोरी ओढली.

पंधरवड्याने यजमान गेले. मायाप्पा पुढच्या उन्हाळ्यात आपल्या माळावर परतला. ऐकते की तिकडे विहिरींवर इंजिने बसवतो, आणि उसवल्या टोकाची घोंगडी तशीच पांघरतो. दांडा आता माझ्या हाती असतो. दर कार्तिकात मी स्वतः उभी राहून होडीत धोंडे भरवते, ती बुडवते, आणि नावाड्यांना हसू देते. गेलेल्या माणसाची आठवणही लाकडाचीच असते. जपून कोरड्यात ठेवली की तिच्या सांध्यांतून काळ उजेडासारखा दिसू लागतो, म्हणून वर्षातून काही दिवस ती पूर्ण बुडू द्यावी, आणि मग उपसून तिच्यात बसून पुढे जावे.